अर्थाचा अनर्थ : तारेतल्या गुणगुणीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन मंडळींनी आम्हाला गाठून विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस स्पीकरच्या वायरीवर तासभर काय बोलणार?" शंका रास्त आहे. आमच्याकडे दोन उत्तरं आहेत. शब्द म्हणजे काय आणि तो कानापर्यंत पोचतो कसा, हा प्रश्न आपल्याकडे वैशेषिकांनी आणि नैयायिकांनी पुष्कळ घोळवलेला आहे. शब्द हा आकाशाचा गुण, आणि पाण्यात एका लाटेतून दुसरी लाट उठावी तसा शब्दातून शब्द उपजत कानापर्यंत येतो, असं ते म्हणतात. याला त्यांनी नाव दिलं वीचीतरंगन्याय. वाटेत दुसऱ्याची लाट येऊन मिसळली तर काय करायचं, हा प्रश्न मात्र खऱ्या अर्थानं उभा राहिला तो शब्द तारेतून जायला लागल्यावर.

दुसरं उत्तर साधं आहे. आपल्या नांदगावात घरोघरी जुन्या कॅसेटी आहेत. कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाच्या वडिलांचं कीर्तन, कुणाच्या लग्नातली मंगलाष्टकं. हल्ली नातवंडं त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतात, चांगली गोष्ट आहे. त्या फायली आमच्याकडे ऐकायला येतात, आणि बऱ्याच फायलींत आजीच्या आवाजाखाली एक 'घूं' कायमची बसलेली असते. कॅसेट अजून किती वर्षं चालेल सांगता येत नाही. एकदा ती गेली की मागे उरेल ती फाईल, आणि तिच्याबरोबर ती घूं. म्हणून ही गुणगुण आली कुठून, हे आज इतिहासाच्या अंगानं बघू.

आधी ती ओळखून घेऊ. घरी ॲम्प्लिफायर चालू करा, गाणं लावू नका, आणि आवाजाचं बटण हळूहळू वाढवा. सुसू असा जो वाऱ्यासारखा आवाज येतो तो वेगळा, त्याच्याशी आज आपलं देणंघेणं नाही. त्याच्या खाली एक स्थिर, जाड स्वर लागतो. मिस्त्री लोक त्याला 'हमिंग' म्हणतात. हा स्वर आपल्या विजेचा आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, म्हणून स्वर ५०चा, आणि त्याच्याबरोबर १००, १५०, २००, असे त्याचे पटीतले भाऊबंद. गाणारी मंडळी इथे आहेत म्हणून सांगतो, पेटीवर हा स्वर सफेद पाचच्या किंचित वर बसतो, अगदी खालच्या सप्तकात. अमेरिकेत वीज ६०ची, तिथे तो काळी पाच आणि सफेद सात यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. म्हणजे प्रत्येक देशाला आपापला षड्ज सरकारनं लावून दिला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आता मागे जाऊ. १८३८ साल, जर्मनी. म्युनिकचे कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल हे गृहस्थ तारायंत्रावर प्रयोग करत होते. वीज एका तारेनं जाते आणि दुसऱ्या तारेनं परत येते, म्हणून दोन तारा लागायच्या. न्यूर्नबर्ग ते फ्युर्थ ही नवी रेल्वे झाली होती. श्टाइनहाइलना वाटलं, वेगळ्या तारा कशाला? हे दोन रूळ आहेतच, एकानं पाठवू, दुसऱ्यानं परत आणू. प्रयोग फसला. वीज एका रुळावरून जमिनीत उतरून परस्पर दुसऱ्या रुळावर जायची. पण माणूस हुशार, त्यांनी फसण्यातूनच शोध काढला. जमीन जर वीज इतकी सहज वाहून नेत असेल, तर परतीची तार हवीच कशाला? दोन्ही टोकांना जमिनीत पत्रा पुरा, एक तार वापरा, परतीचं काम धरणीमाता करेल.

तारायंत्राच्या दृष्टीनं हा केवढा फायदा झाला बघा. शेकडो मैलांची तांब्या-लोखंडाची तार निम्म्यानं वाचली. आपल्याकडे विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ प्रयोग केले, त्यात हुगळी नदीचं पाणीसुद्धा विजेच्या वाटेचा भाग म्हणून वापरून पाहिलं. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार झाली, आणि पुढच्या चार वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडले गेले. जगभर तारायंत्रं अशीच चालली, एक तार वर, परतीला जमीन. टकटक पाठवायची असेल तर या व्यवस्थेत काही बिघडत नाही. शेजारच्या तारेची थोडी वीज आपल्यात आली तरी ठोका तो ठोका. खटका उडवायला लागणारी ताकद त्या आगंतुक विजेत नसते.

१८७६ ला टेलिफोन आला आणि सगळं चित्र पालटलं. टेलिफोन ठोके मोजत नाही, ऐकतो. त्याच्या तारेत हजारावा भाग वीज आली तरी ती कानाला कळते. १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास इथे टेलिफोनची एक्स्चेंजं सुरू झाली. जगात सुरुवातीचे टेलिफोन तारायंत्राच्याच रिवाजानं एका तारेवर आणि जमिनीवर चालवले गेले, आणि लोकांना शेजारच्या तारेची टकटक, दुसऱ्याचं बोलणं, असं काहीबाही ऐकू येऊ लागलं. तरी निभत होतं. मग १८८८ नंतर अमेरिकेत विजेच्या ट्रामगाड्या शहराशहरांत सुरू झाल्या. ट्रामची वीज वरच्या तारेतून यायची आणि रुळांतून, म्हणजे पर्यायानं जमिनीतून, परत जायची. टेलिफोनची इवलीशी वीज आणि ट्रामची दांडगी वीज एकाच जमिनीतून घरी जायला निघाली. टेलिफोन कानाला लावला की गुरगुर. गिऱ्हाइकं ओरडू लागली.

प्रकरण कोर्टात गेलं. सिनसिनाटी शहरातल्या टेलिफोनवाल्यांनी ट्राम कंपनीवर दावा लावला की आम्ही आधीपासून जमीन वापरतो आहोत, हे आता येऊन ती बिघडवताहेत. हा खटला ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९१ मध्ये टेलिफोनवाले हरले. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की रस्ता मुळात ये-जा करण्यासाठी आहे, टेलिफोनचा त्यावरचा हक्क दुय्यम आहे. जमिनीतून परतीची वाट हा काही कुणा एकाचा राखीव हक्क नाही, त्रास होत असेल तर तुम्ही तुमची वेगळी दुसरी तार टाका. आम्हाला हा निकाल फार आवडतो. वरवर बघता आधी आलेल्यावर अन्याय झाला असं वाटतं. पण जे सगळ्यांचं आहे ते शांतपणे फक्त माझंच राहावं, अशी मागणी करता येत नाही. आपली वाट आपण बांधावी.

आणि वाट बांधायची युक्ती तोवर सापडलेली होती. ग्रॅहम बेल यांनीच १८८१ मध्ये दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याचं पेटंट घेतलं होतं. पीळ का द्यायचा? समजा दोन तारा शेजारून नेल्या, आणि बाजूनं ट्रामची तार चालली आहे. जी तार जवळ आहे तिच्यात जास्त उपद्रव येईल, लांबच्या तारेत कमी. मग दोघींमधला फरक ऐकू येईल. पण पीळ दिला तर इंचभर ही जवळ, इंचभर ती जवळ. दोघींत उपद्रव सारखाच येतो, आणि ऐकणारं यंत्र फक्त दोघींतला फरक ऐकतं, त्यामुळे तो उपद्रव वजा होऊन जातो. सुंभाचा पीळ असा कामाला आला. आजही टेलिफोनची तार घ्या किंवा इंटरनेटची ती निळी केबल घ्या, सोलून बघा, आत पीळच दिसेल.

आता आपल्या गावाकडे येऊ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि त्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा ईशान्येकडचा फाटा पुढच्या दशकात थळ घाट ओलांडून, मनमाड, नांदगाव, चाळीसगाव करत भुसावळकडे गेला. मनमाड–औरंगाबाद लाईन व्हायची होती तोवर वेरूळची लेणी बघायला निघालेले साहेब लोक आपल्या नांदगावला उतरून टांगा करायचे, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक असेल. तो मान मनमाडनं पळवला. असो.

मुंबईत विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला सुरू झाली, व्हीटी ते कुर्ला. ती वीज १५०० व्होल्टची, एकाच दिशेनं वाहणारी, डीसी. १९३० पर्यंत ती इगतपुरीला पोचली आणि तिथे थांबली. पुढे वाफेची इंजिनं. १९५७ मध्ये रेल्वेनं ठरवलं की यापुढचं विद्युतीकरण फ्रेंच पद्धतीनं करायचं, २५ हजार व्होल्ट, ५०च्या फ्रिक्वेन्सीची एसी वीज. त्यानुसार १९६०च्या दशकाच्या अखेरीला इगतपुरी–भुसावळ मार्गावर, म्हणजे आपल्या दारात, ही वीज आली. पुढे कित्येक वर्षं इगतपुरीला गाडी थांबायची ती दोन विजा जुळत नव्हत्या म्हणून. इंजिन बदललं जायचं, आणि आपण खाली उतरून वडे खायचो. या मार्गाचा मुंबईकडचा डीसी भाग एसी करण्याचं काम २०१५ मध्ये संपलं. वड्यांचं पुढे काय झालं तो स्वतंत्र विषय आहे.

डीसी आणि एसी यांत गुणगुणीच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. एकाच दिशेनं संथ वाहणारी वीज शेजारच्या तारेत फारसं काही उठवत नाही. सतत उलटसुलट होणारी वीज शेजारच्या समांतर तारेत स्वतःची नक्कल उठवते, फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेला हा नियम आहे. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. हिसवहळ, नांदगाव, पिंपरखेड, नायडोंगरी, या सगळ्या पट्ट्यात रुळांवरून २५ हजार व्होल्टची तार चाललीय, इंजिन शे-दोनशे अँपिअर खेचतंय, आणि ती वीज रुळांतून आणि जमिनीतून परत जातेय. अशा लाईनच्या शेजारून मैलोन् मैल टेलिफोनच्या उघड्या तारा खांबांवरून नेल्या, तर त्यांच्यात नुसती गुणगुणच काय, काम करणाऱ्याला झटका बसेल इतकी वीज उठू शकते. म्हणून भारतात एसी विद्युतीकरण जिथे जिथे झालं तिथे रुळांलगतच्या टेलिफोन-तारांच्या खांबांची जागा जमिनीखालच्या, धातूचं वेष्टण असलेल्या केबलनं घेतली. गाडीच्या खिडकीतून दिसणारी तारांची आणि त्यांवर बसलेल्या कोतवाल पक्ष्यांची रांग आपल्या लाईनवरून गेली त्याचं एक कारण हे आहे.

आणखी एक गोष्ट केली गेली, ती तुम्ही रोज बघता पण लक्षात घेत नाही. ज्या भागांत गरज होती तिथे दर अडीच-तीन किलोमीटरांवर खांबावर एक डबा बसवला, त्याला बूस्टर ट्रान्सफॉर्मर म्हणतात, आणि वरच्या तारेच्या बाजूनं एक वेगळी परतीची तार नेली. हा ट्रान्सफॉर्मर काय करतो? जमिनीत उतरून भटकायला निघालेल्या विजेला ओढून त्या परतीच्या तारेत घालतो. जाणारी आणि येणारी वीज जवळजवळ चालू लागल्या की दोघींचे परिणाम एकमेकींना खोडून काढतात. बेलनी पीळ देऊन जे केलं तेच, फक्त आकार हत्तीचा. १८३८ मध्ये वाचवलेली दुसरी तार अशी सव्वाशे वर्षांनी परत आली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण गावात हा समज फार आहे. तुमच्या घरच्या स्पीकरमधल्या घूंचं खापर रेल्वेवर फोडू नका. गाडी जाताना मीडियम वेव्हच्या रेडिओवर खर्र होतं, ते वरच्या तारेवर पेंटोग्राफच्या ठिणग्या उडतात म्हणून, आणि ते गाडीबरोबर येतं आणि गाडीबरोबर जातं. जी घूं रात्री दोन वाजता, गाडी नसतानाही तशीच चालू आहे, ती तुमच्या घरची आहे.

घरात ही आली कशी? पहिला टप्पा व्हॉल्व्हच्या रेडिओचा. मर्फी, फिलिप्स, बुश. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका ऐकणारी पिढी इथे बसली आहे. त्या सेटची घूं बहुतेक वेळा आतली असायची. एसीची डीसी करताना राहिलेली लहर गाळायला एक मोठा कंडेन्सर असतो, तो वाळला की गाळणं थांबतं. मिस्त्री झाकण उघडून, "फिल्टर गेलाय" म्हणायचा आणि बदलून द्यायचा. सोपं होतं, कारण यंत्र एकच होतं. रेडिओ, ॲम्प्लिफायर, स्पीकर सगळं एका पेटीत.

खरा उपद्व्याप सुरू झाला तो एका पेटीच्या दोन पेट्या झाल्यावर. अमेरिकेच्या आरसीए कंपनीनं १९३०च्या दशकात रेकॉर्डचा प्लेअर रेडिओला जोडता यावा म्हणून एक स्वस्त पिन काढली. मधे खिळा, भोवती कडं. लाल-पांढरी ती आरसीए पिन अजून आपल्या प्रत्येक यंत्रावर आहे. त्या पिनेत आणि तिच्या वायरीत कंजुषी कुठे आहे ते नीट बघा. मधली तार सिग्नल नेते. भोवतीची जाळी, जिला आपण शिल्ड म्हणतो, ती दोन कामं करते. बाहेरची घाण आत येऊ न देणं हे एक, आणि सिग्नलची परतीची वाट होणं हे दुसरं. घराची कुंपणभिंत आणि आत यायचा रस्ता एकच, असा हा प्रकार आहे. शिवाय पिन खुपसताना खिळा आधी टेकतो, कडं नंतर. म्हणून चालू यंत्रात पिन घातली की स्पीकर भसकन ओरडतो. तेव्हा यंत्र बंद करून पिन लावा, एवढं या ओघात सांगतो.

रेकॉर्ड प्लेअरला तर हे फारच बोचतं. सुईच्या डोक्यातून येणारा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टचा. त्यात रेकॉर्ड कापताना खर्जाचा आवाज मुद्दाम दाबलेला असतो आणि वाजवताना तो वाढवून घ्यावा लागतो. १९५४ मध्ये याचं एक प्रमाण ठरलं. त्यानुसार ५०च्या स्वराला मधल्या हजारच्या स्वराच्या तुलनेत साधारण सातपट वाढवलं जातं. म्हणजे विजेची गुणगुण जिथे बसते नेमकी तीच जागा आपण सातपट मोठी करतो! म्हणून प्लेअरला लाल-पांढऱ्या पिनांशिवाय एक बारीक वेगळी तार असते, टोकाला चिमट्यासारखी, आणि ॲम्प्लिफायरच्या मागे तिच्यासाठी एक स्क्रू असतो. ती तार सुटलेली दिसली की समजा, घूं कुठून येतेय ते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि इथे आमच्या विषयाचा थोडा उपयोग आहे. मराठीत आपण 'अर्थ' म्हणतो, शब्दाचा अर्थ. आणि मिस्त्रीही म्हणतो 'अर्थ', अर्थिंगचा. दोन यंत्रांना अर्थ दिला की दोन्हीकडचा अर्थ एकच, शून्य, असं आपण समजतो. तसं नसतं. ॲम्प्लिफायरचा थ्री-पिन पुढच्या खोलीतल्या बोर्डावर, टीव्हीचा मधल्या खोलीतल्या बोर्डावर. दोन्ही अर्थ भिंतीतून वेगवेगळ्या वाटांनी मीटरपाशी जातात. वाटेत फ्रीजची, पंपाची, कशाकशाची गळती वीज त्यांच्यात उतरलेली असते. म्हणून या अर्थात आणि त्या अर्थात काही मिलिव्होल्टांचा फरक असतो. शब्द एक, अर्थ दोन. आता टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरवर ऐकावा म्हणून तुम्ही दोघांत आरसीए वायर टाकली. झालं, एक वेटोळं पूर्ण झालं. अर्थातल्या फरकामुळे त्या वेटोळ्यातून वीज फिरू लागली, आणि ती फिरते कशातून? वायरीच्या जाळीतून, जी सिग्नलची परतीची वाटही आहे.

आकडे घालून बघू. जाळीचा रोध ०.०५ ओहम धरा, फिरणारी वीज २० मिलिअँपिअर. गुणाकार केला की १ मिलिव्होल्ट. सिग्नल आहे ३०० मिलिव्होल्टच्या आसपास. तीनशेत एक. ढोल-ताशा चालू असेल तर कळणार नाही. पण गायकानं आलाप संपवून श्वास घेतला, की त्या शांततेत ही घूं स्पष्ट येऊन बसते.

पाटाच्या पाण्यावर बागायत करणाऱ्यांना हे लगेच कळेल. वरच्या शेतकऱ्याचा आणि तुमचा सांडवा एकच चर असला, की त्यानं पाणी सोडलं की तुमच्या वाफ्यात तुंबतं. तुमच्या वाफ्याचे बांध कितीही पक्के करा, त्यानं काय होणार? बाजारात हजारो रुपयांच्या जाड, सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरी मिळतात त्या म्हणजे बांध पक्के करणं. जाळी थोडी जाड असेल तर रोध कमी होऊन किंचित फरक पडतो, एवढाच त्यांचा गुण. सोन्यानं गुणगुण जात नाही.

१९९०च्या दशकात गच्चीवरून गच्चीवर केबल टीव्हीची तार आली आणि हा घोळ घराबाहेर गेला. त्या तारेची जाळी कुठल्या तरी लांबच्या इमारतीत अर्थ झालेली. ती टीव्हीला, टीव्ही ॲम्प्लिफायरला, ॲम्प्लिफायर तुमच्या अर्थला. वेटोळं अर्ध्या गल्लीएवढं! ॲन्टेनाची वायर टीव्हीतून काढली की घूं गायब, असं ज्यांना आठवत असेल त्यांनी हेच अनुभवलेलं आहे. मग लोडशेडिंगचे दिवस आले, घरोघरी स्वस्त इन्व्हर्टर आले. त्यांची लहर गोलाईची नसून चौकोनी असते, आणि चौकोनी लहरीत १५०, २५०, ३५० असे वरचे स्वर ठासून भरलेले असतात. म्हणून लाईट गेल्यावर घूंची एकदम भुंग्यासारखी 'झंऽऽ' व्हायची. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही थोडीफार तशीच करामत करतात.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. वेटोळ्याची घूं घालवायला लोकांनी एक उपाय शोधला, तो लागलीच चालतो म्हणून फार पसरला. थ्री-पिनची वरची जाड पिन मोडून टाकायची, किंवा आत अर्थची तार कापायची. वेटोळं तुटतं, घूं जाते, मिस्त्री शाबासकी घेऊन जातो. मंडळी, ती पिन जाड आणि लांब का केली आहे? प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. यंत्राच्या आत फेजची तार सुटून लोखंडी पेटीला लागली, तर ती वीज अर्थमधून धाडकन जावी, फ्यूज उडावा, यासाठी ती आहे. पिन मोडली तर पेटी २३० व्होल्टवर शांतपणे बसून राहते. घूं नाही, काही नाही. आणि हात लावणाऱ्याची वाट बघते. किंवा ती वीज आरसीएच्या त्या केसाएवढ्या जाळीतून दुसऱ्या यंत्राच्या अर्थकडे धावते आणि वायर पेटते. कीर्तनाच्या मंडपात, ओल्या जमिनीवर, बुवांच्या हातात लोखंडी माईक असतो हे ध्यानात ठेवा. छातीतून काही दशक मिलिअँपिअर वीज गेली तरी माणूस दगावू शकतो. घरातलं ईएलसीबी ३० मिलिअँपिअरला पडतं ते याच हिशेबानं.

याच जातीचा दुसरा उपाय म्हणजे साऊंडसाठी 'वेगळं अर्थिंग'. अंगणात नवा खड्डा, कोळसा, मीठ, आणि त्याची तार फक्त ॲम्प्लिफायरला. हेतू चांगला, परिणाम उलटा. आपल्याकडची उन्हाळ्यातली कोरडी जमीन तुम्ही जाणता. दोन खड्ड्यांत, एकाला पाणी घातलंय, दुसऱ्याला नाही, अर्थातला फरक वाढतोच. घराला अर्थ एकच असावा, तो चांगला असावा, वैशाखात त्याला पाणी घालावं, आणि सगळी यंत्रं त्यालाच एका ठिकाणी जोडावीत.

मग घालवायची कशी? इतिहासानं दोन वाटा दाखवल्या आहेत. एक, सगळी यंत्रं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर लावा. दोन अर्थ उरलेच नाहीत तर फरक कुठला? निम्म्याहून अधिक घरांत एवढ्यानं काम होतं, आणि खर्च जवळपास शून्य. दुसरी वाट म्हणजे मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असलेली डबी टाकायची, तिला ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात. आवाज चुंबकाच्या वाटेनं पलीकडे जातो, जाळीला जाळी मात्र जोडलेली राहत नाही. ही डबी सिग्नलच्या वायरीत घालायची असते, विजेच्या नाही. अर्थची पिन जिथल्या तिथे. मोठ्या मंडपात साऊंडवाले माईकला तीन पायांची पिन आणि दोन तारांची पिळाची शिल्डेड वायर वापरतात, ती बेलचीच युक्ती. जाळीकडे फक्त कुंपणाचं काम, जाण्यायेण्याला दोन वेगळ्या तारा.

शेवटी कॅसेटींविषयी. लोक म्हणतात, उतरवून तर घेऊ, घूं नंतर सॉफ्टवेअरनं काढू. काढता येते, पण किंमत मोजून. ५०चा स्वर काढला तरी १००, १५०, २०० उरतात. ते काढायला गेलात की तंबोऱ्याचा खर्ज, डग्ग्याची गोलाई, पुरुषी आवाजाचा पाया, सगळं थोडं थोडं खरवडलं जातं. दुसरी अडचण अशी की जुनी ५० ही ५० नव्हतीच. १९९०च्या दशकात आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी मागणीप्रमाणे खालीवर हेलकावे खायची. २००२ मध्ये पश्चिम विभागात विजेच्या हिशेबाची नवी पद्धत आली तशी ती सुधारली, आणि ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर लाईननं दक्षिणेचं ग्रिड जोडलं गेल्यावर सगळा देश एका लयीत आला. त्यात कॅसेटची स्वतःची चाल कमीजास्त. मग गाळणी लावणार कुठे?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक गंमतही दिसते. ग्रिडचे हे हेलकावे एखाद्या बोटाच्या ठशासारखे असतात. लंडनचे मेट्रोपॉलिटन पोलीस २००५ पासून तिकडच्या विजेची गुणगुण चोवीस तास नोंदवून ठेवतात, आणि एखादं ध्वनिमुद्रण कुठल्या दिवशी, किती वाजता झालं, मधे कापलंय का, हे त्यातल्या घूंवरून पडताळतात. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणतो तीच तिथे साक्षीदार होते. तेव्हा मूळ कॅसेटमध्ये मुद्रणाच्या वेळीच आलेली जी घूं आहे तिच्याशी फार खेळू नका, एक प्रत जशीच्या तशी ठेवा. आपण आज उतरवताना जी नवी घूं भर घालतो, ती मात्र थांबवायची आहे.

ती थांबवण्याची रीत सांगतो आणि थांबतो. कॅसेट डेक ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका, ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर डेकच्या हेडला चुंबकानं घूं पाजतो, आणि त्यावर वायरीच्या शिल्डचा इलाज नाही. दोन-तीन फूट लांब ठेवा. डेकची वायर थेट लॅपटॉपला, माईकच्या भोकात नाही, लाईन-इनमध्ये, नसेल तर स्वस्तातलं यूएसबीचं साऊंड कार्ड मिळतं त्यात. ॲम्प्लिफायर मधे नकोच, कानाला हेडफोन लावा. आणि लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, बॅटरीवर चालवा. चार्जर काढला की लॅपटॉपला अर्थच राहत नाही, वेटोळं होणार कुठून? बॅटरी दोन तास चालते, कॅसेट साठ मिनिटांची. कॅसेट लावण्याआधी अर्धा मिनिट नुसतं रेकॉर्ड करून, आवाज पूर्ण वाढवून ऐका. तिथे शांत असेल तरच पुढे जा.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी कॅसेटी बरोबर आणल्या आहेत त्यांनी पुढच्या टेबलावर ठेवा, डेक आणलेला आहे, आणि लॅपटॉप सकाळपासून चार्ज करून ठेवला आहे.